अंगण वाकडे आहे का, ते आधी मोजा

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपल्या रेंजवर रोज कोणाला तरी ऐकावी लागते. गेल्या सत्रात ती मला ऐकावी लागली आणि ती मला बरोबर लागू होती. त्याच सत्रात आठवीतल्या एका कॅडेटलाही ती ऐकावी लागली आणि ती त्याला अजिबात लागू नव्हती. दोन्ही वेळा अंगण कोणीच मोजले नव्हते. माझ्या मते आपल्या नेमबाजी संघाची खरी अडचण जुनी पिस्तुले ही नाही. न मोजता बोलण्याची सवय ही आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी 10 मीटर एअर पिस्तूल मारतो. सत्राच्या सुरुवातीला माझी दहा शॉट्सची सरासरी 84 वर अडकली होती. शाळेचे पिस्तूल जुने, पेलेट्स स्वस्तातल्या, असे मी मनाशी ठरवून टाकले. रविवारी घरी फोन केला तेव्हा म्हणालो, "बाबा, मला स्वतःचे परदेशी पिस्तूल पाहिजे. दीड-दोन लाखांच्या घरात जाईल."

माझे बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जॉब बिघडला की आम्हीपण पहिल्यांदा मशीनलाच शिव्या घालतो. मग डायल गेज लावून बघतो. बहुतेक वेळा मशीन सरळ असतंय. तू लावून बघितलंस काय?" मी गप्प बसलो. नंतर आईकडून कळले की त्यांनी पतसंस्थेत कर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

मी उस्तादांना विचारले आणि त्यांनी पुढच्या रविवारी रेंज उघडून दिली. सुतारकामाच्या वर्कशॉपमधला व्हाइस आम्ही फायरिंग पॉइंटच्या टेबलावर घट्ट बसवला. पिस्तुलाची ग्रिप काढली, फ्रेमला फेल्ट गुंडाळून ती व्हाइसमध्ये धरली, नळी आणि सिलिंडर मोकळे ठेवले. पेलेट्सचे तीन वेगवेगळे डबे घेतले आणि प्रत्येकातून दहा शॉट्स वेगळ्या टार्गेटवर मारले. फिजिक्स लॅबमधून व्हर्नियर आणला होता. छिद्रांच्या सगळ्यात बाहेरच्या दोन कडांमधले अंतर मोजून त्यातून पेलेटचा व्यास, म्हणजे 4.5 मिलिमीटर, वजा केला. तीन डब्यांचे ग्रुप आले 5, 6 आणि 9 मिलिमीटर. मग ग्रिप परत लावून मी हाताने दहा शॉट्स मारले. माझा ग्रुप आला 58 मिलिमीटर.

आता हिशेब बघा. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर 10 चे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. पेलेटची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत असला की 10. पुढे प्रत्येक 8 मिलिमीटरला एक गुण कमी. माझ्या वहीत 7 गुणांचे शॉट्स बरेच होते, म्हणजे ते केंद्रापासून 24 ते 32 मिलिमीटर लांब गेले होते. सगळ्यात वाईट डब्याचा ग्रुपसुद्धा मध्यापासून जेमतेम साडेचार मिलिमीटर पसरत होता. त्याच जुन्या पिस्तुलाने, त्याच वाईट पेलेट्सनी, साइट नीट लावल्यावर व्हाइसला शंभरपैकी शंभर मिळाले असते. मला 84 मिळत होते. अंगण सरळ होते.

मग ते 24 मिलिमीटर आले कुठून? यासाठी दहावीतले समरूप त्रिकोण पुरतात. आमच्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 32 सेंटीमीटर अंतर आहे. मागच्या खाचेत पुढची साइट फक्त 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर 10 मीटरवर शॉट सुमारे 31 मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे 10 चे थेट 7. हा एक मिलिमीटर मी ट्रिगर ओढताना मनगटात गमावत होतो. दोन लाखांचे पिस्तूल आणले असते तरी मनगट माझेच राहिले असते.

पण म्हणून सामानाला काहीच महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. आठवीतला तो कॅडेट डावखुरा आहे. शाळेच्या सगळ्या ग्रिप्स उजव्या हाताच्या. मॅच पिस्तुलाची ग्रिप तळहाताच्या आकाराने कोरलेली असते, अंगठ्याची जागा एका बाजूला आणि तळहाताचा आधार एका बाजूला. ती दुसऱ्या हातात धरली की साइट खाचेत आपोआप तिरकी येते आणि दरवेळी मनगट वळवून ती सरळ करावी लागते. त्याचे शॉट्स सतत एकाच बाजूला जात होते. त्याने सांगून पाहिले तर आम्ही सीनियर्सच त्याला म्हणालो, "बहाना मत बना." त्यात मीही होतो, हे इथे लिहायला मला लाज वाटते.

व्हाइसच्या रविवारनंतर आम्ही शाळेच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक तुटकी जुनी ग्रिप घेतली, कानस मारून उजवीकडचे उंचवटे काढले आणि वुड पुट्टीने डावीकडे भर घातली. मनगटाला टेकणारी ग्रिप नियमात बसत नाही, म्हणून मागची बाजू उस्तादांनी स्वतः तपासली. खर्च पुट्टीच्या एका डब्याचा. महिन्याभरात त्याची सरासरी 78 वरून 86 वर गेली. त्यात त्याचा सरावही आहे, सगळे श्रेय ग्रिपचे नाही. पण त्याचे अंगण खरोखर वाकडे होते.

काही जण पॅरिस ऑलिंपिकचे उदाहरण देतात. 2024 मध्ये तुर्कस्तानचे युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेले. ते 51 वर्षांचे होते आणि त्यांच्या देशाच्या जेंडार्मरी दलात काम केलेले होते. त्यांचा फोटो आपल्या डॉर्ममध्येही लावलेला आहे. पण त्या फोटोतले पिस्तूल साधे नाही, पूर्ण मॅच पिस्तूल आहे, आणि ते त्यांचे पाचवे ऑलिंपिक होते. जे त्यांना नको होते ते त्यांनी वापरले नाही. जे हवे होते ते उत्तमच वापरले. दुसरे उदाहरण टोकियोचे. 2021 मध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले आणि दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला. त्यांना 575 गुण मिळाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तिथे अंगणच मोडले होते, तरीही त्या नाचल्या. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली.

उस्तादांनी आम्हांला 25 मीटर सेंटर-फायर पिस्तुलाबद्दल सांगितले होते. त्या प्रकारात अनेक देशांतले नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. वापरलेले पितळी केस पुन्हा घेतात, नवीन प्राइमर बसवतात, दारू काही मिलिग्रॅमच्या फरकापर्यंत तोलतात आणि वर बुलेट बसवतात. आपल्या देशात दारूगोळा तयार करायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि कॅडेटचे ते कामच नाही. .22 चे काडतूस तर पुन्हा भरताच येत नाही, कारण त्याचे प्राइमर कडेच्या गोठातच असते आणि तिथेच पिन आपटते. आपली पेलेट कारखान्यातून तयार येते. मग त्या लोकांकडून आपण घ्यायचे काय? त्यांची वही. ते एका वेळी एकच गोष्ट बदलतात, मारून बघतात, मोजतात आणि लिहून ठेवतात. आम्ही एकाच आठवड्यात डबा, साइट आणि स्टान्स बदलतो आणि गुण वाढले की कशामुळे वाढले हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यात शाळेचे प्रत्येक पिस्तूल व्हाइसवर तपासावे आणि त्याचा ग्रुप रेंजच्या नोटीस बोर्डवर लावावा. त्याच दिवशी 500 ग्रॅमचे वजन ट्रिगरला टांगून ट्रिगर तपासावा आणि सिलिंडरवरची तारीख वहीत लिहावी, कारण दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. पेलेट्स वर्षभर थोड्या थोड्या आणण्यापेक्षा एकाच लॉटच्या एकदम घ्याव्यात आणि निवड चाचणीत सगळ्यांना त्याच द्याव्यात, मग पिस्तूल कोणाचे स्वतःचे असो वा शाळेचे. आणि डाव्या हाताच्या निदान दोन ग्रिप्स शाळेत असाव्यात. या चारही गोष्टींना मिळून एका नव्या पिस्तुलाच्या किमतीचा छोटासा भागही लागणार नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाने पिस्तूल मागितले तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. त्याची वही मागा. मुलगा नियमित 95 च्या वर मारू लागला की 5 आणि 9 मिलिमीटरमधला फरक त्याच्या गुणांत दिसायला लागतो. तेव्हा त्याची मागणी खरी असेल. माझी सरासरी आता 89 आहे, त्याच जुन्या पिस्तुलाने. मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले, "मग, मशीन बदलायचं काय?" मी म्हणालो, "अजून नाही बाबा. अजून जॉब मीच बिघडवतोय."