उतरविलेले दगड आणि पुसणाऱ्या खुणा

मंदिर मूळ जागेवरून हलविले म्हणजे ते संपले, असे नव्हे. मात्र उतरविलेल्या दगडांची नोंद हरवली, तर जागेवर राहूनही मंदिर हरवू शकते. स्पेनमधील माद्रिद शहरात नेलेले इजिप्तचे देबोद मंदिर आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा यांचा एकत्र विचार केला, म्हणजे हे ध्यानात येते.

देबोद मंदिर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात नाईलकाठच्या नूबिया प्रांतात उभे राहिले. आस्वानच्या नव्या धरणात तो प्रांत बुडणार म्हणून युनेस्कोने १९६० साली जगाला आवाहन केले. मदतीस आलेल्या स्पेनला इजिप्तने १९६८ मध्ये हे मंदिर भेट दिले आणि १९७२ मध्ये ते माद्रिदमध्ये जनतेला खुले झाले.

ही कथा गौरवाची खरी, पण निर्दोष नव्हे. उतरविलेले दगड सुमारे दहा वर्षे नाईलमधील एलिफंटाइन बेटावर पडून होते. पुढे जुळवणीच्या वेळी अनेक दगडांचे क्रमांक हरवलेले आढळले आणि काम जिकिरीचे झाले. आज तेथे जाणाऱ्यास जुन्या दगडांत नव्यांची भर स्पष्ट दिसते. उघड्यावरील या वालुकाश्माला माद्रिदचा पाऊस आणि थंडी सोसत नाही, ही तक्रारही आहेच.

मार्कंड्यावर असे स्थलांतर ओढवले नाही. चामोर्शी तालुक्यात, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी हा मंदिरसमूह मूळ स्थानीच आहे. महाशिवरात्रीची यात्रा आजही भरते. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकातच त्याच्या शिल्पवैभवाची नोंद घेतली होती. परंतु मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुरातत्त्व खात्याने गेल्या दशकात दगड उतरविले आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले.

जुन्या दगडांचे काम घाईने होत नाही, हे मान्य. तथापि सावकाशपणा वेगळा आणि विस्मरण वेगळे. दगडावरचा क्रमांक पावसाने पुसतो, नोंद करणारा अधिकारी बदलून जातो, जाणता कारागीर वृद्ध होतो. म्हणून प्रत्येक दगडाची छायाचित्रांसह नोंद आणि कामाचे वेळापत्रक खात्याने लोकांपुढे ठेवावे. त्याची एक प्रत गावात, एक जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. शाळा-महाविद्यालयांनीही ती मागावी.

देबोदला आपली नदी गमवावी लागली. मार्कंड्याची नदी त्याच्यापाशीच आहे. शिखर मात्र आपल्या दक्षतेवर अवलंबून आहे.