फुलझाडे लावा, पण पानेही राहू द्या



दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे शहागंजला गेलो होतो. मामाच्या घराला अंगण नाही. गच्चीवर तेलाच्या डब्यांत कढीपत्ता, लिंबू, झेंडू, सदाफुली लावलेली. कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसल्या. मला वाटले, कीड लागली. चार अळ्या खाली टाकून चपलेने चिरडल्या. मामी धावत आली. "अरे, काय केलंस! ती फुलपाखराची पिल्लं होती की रे!" मला फार वाईट वाटले. म्हणून हे लिहीत आहे.

शाळेच्या बागेत फुलपाखरे यावीत म्हणून आपण झेंडू, जास्वंद लावतो. ते चांगलेच. पण फुलावर ते येते फक्त रस प्यायला. अंडी घालायला त्याला ठराविक झाडाचे पान लागते. लिंबाळी फुलपाखराला लिंबू किंवा कढीपत्ता. नारिंगी पंखांच्या बिबळ्या कडव्याला रुई. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवले, त्या निलवंताची अळीसुद्धा लिंबाच्या जातीची पाने खाते. पान नाही तर अळी नाही, अळी नाही तर फुलपाखरू नाही.

आपल्या कुंपणाजवळ रुईची दोन झाडे आहेत. ती उपटून तिथे शोभेची झाडे लावायची, असे काही जण म्हणतात. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, हे खरे. लहान मुलांनी हात लावू नये. पण शनिवारी मारुतीला आपण त्याच पानांची माळ घालतो ना? रुईला पाणी घालावे लागत नाही, शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, तेव्हा शोभेच्या झाडांना पाणी कोण घालणार?

कोणी म्हणतात, घाणेरी लावा, तिच्यावर लई फुलपाखरं येतात. येतात खरी. पण ती परदेशातून आलेली, रानभर पसरते आणि गवत उगवू देत नाही. ती नको.

माझे मत असे की रुई ठेवावी, तिच्याभोवती दगड मांडावेत. जवळ एक लिंबू आणि एक कढीपत्ता लावावा. त्यांवर औषध फवारू नये. पालकांनीही बांधावरची एखादी रुई राहू द्यावी. पाने कुरतडलेली दिसली तर बाग बिघडली असे समजू नये.

मामीच्या डब्यात एक अळी वाचली होती. तिने कोष केला. शाळा उघडली म्हणून मला परत यावे लागले. पुढच्या आठवड्यात मामीचा फोन आला, "कोष रिकामा झालाय बरं का!"

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी