माणूस ओळखण्याचे गणित

वृद्ध रुग्णाच्या सेवेसाठी माणूस ठेवताना कुटुंबीय पुष्कळदा मला म्हणतात, ‘‘डॉक्टर, तुम्ही एकदा त्याच्याशी बोलून पाहा. मनात पाप तर नाही ना?’’ मी नम्रपणे नकार देतो. काहींना तो शिष्टपणा वाटतो, म्हणून कारण सांगतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये मृत्युदंड देण्यापूर्वी ज्युरीला ठरवावे लागते की, हा मनुष्य पुढेही समाजाला घातक ठरेल काय. थॉमस बेअरफूट याच्या खटल्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स ग्रिगसन यांनी, आरोपीला एकदाही न तपासता, ‘शंभर टक्के ठरेल’ अशी साक्ष दिली. अशी दूरच्या काळाची भाकिते तीनपैकी दोन वेळा चुकतात, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सर्वोच्च न्यायालयाला कळवले. तरीही 1983 मध्ये न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य धरली. पुढच्या वर्षी बेअरफूटला मृत्युदंड दिला गेला. संघटनेने ग्रिगसन यांना काढून टाकले ते 1995 मध्ये.

मग गणिताची मदत घ्यावी का? पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच दाखवले होते की, ठरावीक बाबींना गुण देऊन केलेले भाकीत तज्ज्ञाच्या अंदाजाइतके किंवा त्याहून सरस ठरते. रॉबर्ट हेअर यांची सूची याच वळणाची आहे : वीस लक्षणे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. तीस किंवा अधिक गुण मिळाले, तर तो मनुष्य मनोविकृत प्रवृत्तीचा, असे सामान्यतः मानतात. अंदाजापेक्षा हे निश्चित बरे. परंतु येथेही एक खाच आहे.

समजा, हजार माणसांत दहाच जण पुढे हिंसा करणार आहेत. आपली कसोटी त्यांतील नऊ जणांना अचूक पकडते आणि निर्दोषांपैकी फक्त दहा टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवते. कसोटी उत्तमच म्हणायची! पण निर्दोष 990 आहेत. त्यांचे दहा टक्के म्हणजे 99. ठपका आलेल्या 108 जणांत खरे दोषी केवळ नऊ. गुन्हा जितका विरळा, तितके हे प्रमाण बिघडत जाते. आणि ही झाली चांगल्या कसोटीची गोष्ट. माझ्या दहा मिनिटांच्या गप्पांची काय कथा!

म्हणून मनात डोकावण्यापेक्षा व्यवस्था पाहावी. पोलीस पडताळणी करावी, आधीच्या दोन घरी स्वतः फोन करावा, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, एटीएमचा पिन कोणालाही सांगू नये. रुग्णाचे वजन नियमित पाहावे. आठवड्यातून एकदा घरच्या माणसाने स्वतः आंघोळ घालावी आणि दंडाच्या आतील बाजूस बोटांसारखे वळ दिसतात का, हे पाहावे. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर किरकोळ धक्क्यानेही त्वचा काळीनिळी पडते. अशा वेळी सेवकावर आरोप करण्याआधी ते डाग आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.