प्लग उघडून तर बघा

ट्रकला स्पार्क प्लग नसतो, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीत माझ्याच एका विद्यार्थ्याने सांगितली. त्याचे वडील ट्रक चालवत. डिझेल दाबलेल्या, तापलेल्या हवेत आपोआप पेटते, त्याला ठिणगी लागत नाही. ठिणगी लागते ती पेट्रोलला आणि गॅसला. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए., तोही मराठी माध्यमातला. तेव्हा हसू नका.

पण आमच्या शहागंजात आता मोठा ट्रक शिरतोच कुठे? घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. भाजीपाला, किराणा, सगळा माल छोट्या गाड्यांतून फिरतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि या छोट्या गाड्यांत पेट्रोल आणि सीएनजी वाढले. म्हणजे ट्रकात नसलेला प्लग मालवाहू गाडीत आला तो असा!

आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडे जुनी ओम्नी आहे. ओम्नी बंद झाली २०१९ साली, पण याची अजून पोट भरते आहे. मागची सीट काढून टाकलेली, गॅसवर चालणारी. गेल्या महिन्यात खुलताबादला माल घेऊन जाताना दौलताबादच्या घाटात ती धक्के खाऊ लागली. सपाट रस्त्यावर बरी, चढाला लागली की मिसिंग. एका गॅरेजवाल्याने कान लावून ऐकले आणि सांगितले, इंजिन उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून हा दोन दिवस घरी बसून राहिला. हातावर पोट असलेल्याचे दोन दिवस म्हणजे काय, ते पेन्शनवाल्याला सांगून कळणार नाही, पण त्याच्या बायकोचा चेहरा मला दिसत होता.

मी एवढेच विचारले, "प्लग काढून बघितला का रे?"

"नाही सर. त्यांनी बी नाही बघितला."

इथे मला माझी चेतक आठवली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची ती धरायचीच. सकाळी शाळेची घंटा होणार आणि स्कूटर ढिम्म. मग उजवीकडचा पत्रा काढा, प्लग खोला, पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, लावा. डिकीत एक जादा प्लग असायचाच, मायको कंपनीचा. (त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले.) औरंगपुऱ्यातला वकील असो की गुलमंडीवरचा कापडवाला, प्लग खोलता येत नाही असा स्कूटरवाला मला त्या काळी भेटला नाही. त्यात कोणाला कमीपणाही वाटत नसे.

आणि प्लग वाचता येत असे. टोक तांबूस-करडे असेल तर सगळे ठीक. काळेकुट्ट आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त. पांढरेफटक असेल तर इंजिन फार तापते आहे. इंजिन न उघडता त्याच्या पोटातले कळण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, आता असे काही करायचे नसते, सर्व्हिस सेंटरला द्यायचे." त्याचे अगदीच चूक नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नये. नव्या बऱ्याच गाड्यांत वायरीच नसतात, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. नवी विजेवरची चेतक २०२० मध्ये आली, तिला तर प्लगच नाही. पण वॉरंटी कधीच संपलेल्या गाडीचेही झाकण उघडायची आपल्याला भीती वाटते, ती का? ग्राहकाला दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल काढले, त्यात वाहनेही आहेत. चांगले आहे. पण हक्क मिळाला तरी पाना हातात आपल्यालाच धरावा लागतो.

तर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, आम्ही बसलो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, सीट उचलली की समोर. तीन सिलिंडर, तीन प्लग, तीन वायरी. आदल्या रात्रीच गल्लीतला दिवा बंद करून, गाडी चालू ठेवून, लांबूनच पाहिले होते. मधल्या वायरीवर बारीक निळी ठिणगी बाहेर लुकलुकत होती. रबर तडकले होते, करंट तिथूनच पळत होता. गॅस पेटवायला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरकस लागते, म्हणून वायर किंवा प्लग दुबळा झाला की गॅसची गाडी आधी बोंब मारते, आणि ती चढावर.

एका वेळी एकच वायर काढायची, नाहीतर कोणती कुठली याचा घोळ होतो. वायर ओढायची नाही, टोपण धरून काढायचे. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून टाकायची, ती आत पडता कामा नये. आणि नवा प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, पाना नंतर. हे मी त्याला तीन वेळा बजावले, कारण मी एकदा घाईत पान्यानेच सुरुवात केली होती. ॲल्युमिनियमचे आटे गेले, हेड लेथवाल्याकडे न्यावे लागले आणि आठ दिवस शाळेत पायी गेलो. तो खर्च मी घरात बरेच दिवस सांगितला नव्हता.

मधला प्लग काळा निघाला, बाकीचे दोन झिजलेले. तिन्ही प्लग आणि वायरींचा संच नवा आणला. गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे ती रक्कम सांगायचीही लाज वाटावी. तो माणूस लबाड होता असे मी म्हणत नाही, कदाचित खरेच त्याला तसे वाटले असेल. पण आधी सोपे तपासावे, मग अवघड, एवढे त्याला कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला काही माहीतच नव्हते.

शेवटच्या प्लगपाशी भाजीवाल्याचा जाड हात जाईना. त्याची नववीतली मुलगी टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, "आबा, सरका." आजी ओट्यावरून ओरडली, हात काळे करू नकोस, संध्याकाळी पाहुणे यायचेत. तोवर पोरीने बोटांनी प्लग फिरवत नेला होता. अडला की उलटा फिरवून पुन्हा लावायची, जबरदस्ती नाही. बसल्यावर पान्याने अर्धा फेरा. टोपण दाबले, 'टक्' आवाज आला.

सोमवारी गाडी खुलताबादला जाऊन आली. परतल्यावर ती मुलगी जुना काळा प्लग घेऊन माझ्याकडे आली आणि विचारू लागली, सर, ही काजळी ऑइलची की गॅसची?