मागच्या पानावरचा बारीक टाइप

"मुलगा बॉक्सिंगला जायला लागलाय. त्याला एखादं चांगलं मासिक लावून द्यायचंय. कुठलं घेऊ?"

गेल्या वर्षभरात जुहूत मला हा प्रश्न तीन-चार जणांनी विचारला. एका ताईंनी तर इर्ल्याच्या बाजारात, हातात भाजीची पिशवी धरूनच विचारला. मला फार बरं वाटलं. ग्लोव्ह्ज, बूट, प्रोटीनचे डबे यांवर पैसे घालणारे पालक पुष्कळ भेटतात, पण मुलाला वाचायला काय द्यावं हे विचारणारे थोडे. तेव्हा रस्त्यात घाईघाईने जे सांगितलं, ते इथे नीट सांगतो.

मासिक हातात आलं की कव्हर बघत बसू नका. मागून उघडा. माझ्याकडे फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मिळालेले काही अंक आहेत. कागद पिवळा पडलाय, पिना गंजल्यात. त्यांत 'बॉक्सिंग न्यूज' या ब्रिटिश साप्ताहिकाचे अंक आहेत. त्यांच्या मागच्या बाजूच्या आतल्या पानांवर मुंगीएवढ्या टाइपात निकाल असतात. कोणी कोणाला हरवलं, कुठल्या वजनात, कितव्या फेरीत, गुणांवर की नॉकआउटने. लढती कुठल्या? कुठल्याशा गावातल्या हॉलमधल्या, चार-सहा फेऱ्यांच्या. त्यातली बहुतेक नावं पुढे कोणी ऐकली नाहीत. तरीही ती छापलेली आहेत, आणि स्पेलिंग तपासून छापलेली आहेत. मासिकाचा कस मला या पानावर कळतो. नावाजलेल्या बॉक्सरवर सगळेच लिहितात. चार फेऱ्या खेळून बसने घरी गेलेल्या पोराची ओळ कोण छापतं, ते बघा.

'बॉक्सिंग न्यूज' १९०९ साली लंडनला सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव नुसतं 'बॉक्सिंग' होतं. आजही चालू असलेलं हे सर्वांत जुनं बॉक्सिंगचं नियतकालिक. त्याचा जीव ब्रिटनमध्ये आहे, हे आधीच लक्षात घ्या. तिथल्या क्लबांची, तिथल्या पोरांची माहिती भरभरून मिळेल, आपली फार नाही. 'बॉक्सिंग मंथली' हे दुसरं ब्रिटिश मासिक, १९८९ साली सुरू झालं आणि २०२० मध्ये बंद पडलं. त्याचे लांब, निवांत लेख मला आवडायचे. जुने अंक कुठे दिसले तर घ्या.

आणि मग अमेरिकेचं 'द रिंग'. सगळ्यांना माहीत असलेलं नाव हेच. नॅट फ्लायशर या पत्रकाराने १९२२ साली न्यूयॉर्कला ते काढलं. वजनगटानुसार बॉक्सरांची क्रमवारी छापायची पद्धत याच मासिकाने रुजवली, आणि ते स्वतःचा जगज्जेतेपदाचा पट्टाही देतं. या मासिकाबद्दल मला एकाच वेळी आदर आहे आणि सावधपणाही. का, ते सांगतो.

१९६७ साली मुहम्मद अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला आणि त्याचं जेतेपद काढून घेण्यात आलं. तेव्हा 'द रिंग'ने सांगितलं की पट्टा रिंगमध्ये हरवून घ्यायचा असतो, ऑफिसात बसून नाही, आणि पुढची काही वर्षं ते अलीलाच विजेता मानत राहिलं. याला हिंमत लागते. पण त्याच्या आदल्या वर्षी याच मासिकाने वर्षातल्या सर्वोत्तम बॉक्सरचा मान कोणालाच दिला नव्हता, कारण द्यायचा तर तो अलीला द्यावा लागला असता. पन्नासएक वर्षांनी तो मान त्याच्या नावावर केला गेला. एकाच मासिकाच्या या दोन्ही गोष्टी मुलाला सांगा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट १९७७ ची. डॉन किंग या प्रमोटरने एबीसी या टीव्ही कंपनीबरोबर अमेरिकन बॉक्सरांची एक मोठी स्पर्धा भरवली. कोणाला घ्यायचं हे 'द रिंग'ची क्रमवारी आणि त्याच मासिकाच्या नोंदी बघून ठरत होतं. पुढे उघड झालं की काही बॉक्सरांच्या नावावर कधी झाल्याच नाहीत अशा लढती जिंकल्याच्या नोंदी टाकलेल्या होत्या, आणि मासिकातल्या एका सहसंपादकाला पाच हजार डॉलर पोचले होते. स्पर्धा मध्येच बंद करावी लागली. म्हणजे विकला गेला तो मागचा बारीक टाइप. कव्हरवरच्या फोटोत काहीच खोटं नव्हतं.

आणि हे पकडलं कोणी? ते उघडकीला आणणाऱ्यांत माल्कम गॉर्डन नावाचा न्यूयॉर्कचा एक बॉक्सिंगवेडा होता. 'फ्लॅश' म्हणायचे त्याला. तो स्वतःच सायक्लोस्टाइल करून एक पत्रक काढायचा आणि लढतींच्या ठिकाणी दाराबाहेर उभा राहून विकायचा. त्याच्या नोंदी पक्क्या होत्या, त्यामुळे त्याला छापील नोंदींतलं खोटं दिसलं. ही गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो, आणि तिच्यासाठीच मुख्यतः हा लेख लिहिला आहे.

म्हणून दुसरी विनंती: मासिकाचा मालक कोण, ते विचारा. २००७ साली 'द रिंग' ऑस्कर डी ला होयाच्या कंपनीने घेतलं. डी ला होया स्वतः मोठा बॉक्सर, पण त्याची कंपनी लढती भरवणारी. २०२४ च्या अखेरीस ते सौदी अरेबियाच्या तुर्की अल-शेख यांनी विकत घेतलं. मधे थांबलेला छापील अंक त्यांनी २०२५ मध्ये पुन्हा सुरू केला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र आजच्या कितीतरी मोठ्या लढती हेच गृहस्थ भरवतात, आणि 'द रिंग'च्या नावानेही भरवतात. म्हणून मासिक टाकून द्या असं मी म्हणत नाही. फोटो सुंदर असतात, मुलाखती वाचण्यासारख्या असतात. फक्त एखादी लढत 'शतकातली सर्वांत मोठी' असं छापलेलं दिसलं, की तिचं तिकीट कोण विकतंय ते बघायची सवय मुलाला लावा.

छापलेल्याच्या मागे बघायची ही सवय आपल्याकडेही उपयोगी पडते. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिआलीला गुणांवर हरवलं, त्या रात्री कितीतरी जण समजले की विजेंदर जगज्जेता झाला. तो डब्ल्यूबीओचा प्रादेशिक पट्टा होता. कष्टाचाच, पण प्रादेशिक. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था, प्रत्येकीचे आपापले पट्टे. चांगलं मासिक हा गुंता सोडवून सांगतं. वाईट मासिक प्रत्येक पट्टा सोन्याचाच दाखवतं.

आता मुलांच्या पालकांसाठी थोडं. वर सांगितलेली सगळी मासिकं मुख्यतः व्यावसायिक बॉक्सिंगची आहेत. तुमचा मुलगा किंवा मुलगी जे खेळते ते वेगळं. व्यावसायिक लढत बारा फेऱ्यांपर्यंत जाते; तिथे बॉक्सर पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसता अंदाज घेऊ शकतो. ऑलिंपिकची लढत तीन फेऱ्यांची, तीन-तीन मिनिटांची. अंदाज घेत बसलात तर एक फेरी गेली. मासिकात बघून हात खाली सोडून उभं राहायला शिकलेला एक पोरगा मी पाहिला आहे. पहिल्याच बाउटला त्याने इतके सरळ पंच खाल्ले की त्याच्या आईने पुढे बघितलंच नाही. मासिकात पाहिलेलं काहीही रिंगमध्ये करण्याआधी कोच सरांना विचारायचं, हा नियम घरात करून टाका.

शिवाय आपले मोठे मुष्टियोद्धे याच ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगमधून आलेत. मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णं, २००८ मध्ये बीजिंगला विजेंदरचं कांस्य, टोकियोला लवलिनाचं. निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला जिंकली आणि २०२३ मध्ये दिल्लीला पुन्हा. त्या दिल्लीच्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी चार सुवर्णपदकं घेतली. परदेशी मासिक विकत घेण्याआधी या लढतींवर त्यात किती ओळी होत्या ते शोधून बघा. मग पैसे कशासाठी मोजतोय हे स्पष्ट होईल.

आपल्याकडे निव्वळ बॉक्सिंगला वाहिलेलं मासिक मला दुकानात कधी दिसलं नाही. १९७८ पासून निघणारं 'द हिंदू' वृत्तसमूहाचं 'स्पोर्टस्टार' हाच आपला आधार. त्यातली मोठी पोस्टर माझ्या पिढीने भिंतीवर पिठाच्या खळीने चिकटवली. मुंबईचं 'स्पोर्ट्सवीक' गेलं, कोलकात्याचं 'स्पोर्ट्सवर्ल्ड' गेलं. मराठीत संदीप पाटील 'एकच षटकार'चे संपादक होते. क्रिकेटच्या त्या लाटेत आमच्या खेळाला कोपराच मिळायचा, पण मराठीत मिळायचा. नवा मुलगा असेल तर सुरुवात 'स्पोर्टस्टार'ने करा. सोपं आहे, आपल्या खेळाडूंचं आहे, आणि परवडतं.

पैशाचं एक सांगतो. परदेशी मासिकाची वर्षाची वर्गणी कोणा मध्यस्थाच्या हातात देऊ नका. मी एकदा दिली होती. चार अंक आले, मग फोन उचलणंच बंद झालं. मासिकाकडून थेट घ्या, किंवा आधी डिजिटल अंक एक-दोन महिने घेऊन बघा. आणि एकट्याने कशाला? एका जिममधल्या सहा घरांनी मिळून एक वर्गणी भरली तर कोणालाच जड नाही. पार्ल्या-जुहूच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीवर आमची अख्खी पिढी वाढली ती अशीच, एक अंक दहा घरं फिरायचा.

माझी खरी मागणी पुढे आहे. आपल्या मुलांच्या लढती कोणत्याच मासिकाच्या मागच्या पानावर येत नाहीत. जिल्ह्याच्या, शाळांच्या, कॉलेजांच्या स्पर्धा होतात, निकाल एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवतात, आणि संध्याकाळी तो कागद झाडूबरोबर जातो. दोन वर्षांनी कोणी विचारलं की या मुलीच्या किती लढती झाल्या, तर तिच्या आईला आठवेल तेवढंच उत्तर. हे बरं नाही. नोंद नसली की निवडीच्या वेळी बोलायला काही उरत नाही, आणि कोणी खोटी नोंद घातली तर ती पकडायलाही कोणी नसतं.

तेव्हा प्रत्येक जिममध्ये एक लांब वही ठेवा. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख, ठिकाण, वजनगट, दोघांची पूर्ण नावं, किती फेऱ्या, निकाल, आणि रेफ्रीने लढत मधे थांबवली असेल तर का थांबवली. ही शेवटची नोंद कधी गाळू नका. कुठल्या मुलाला डोक्यावर मार बसून लढत थांबली होती आणि तो किती दिवसांनी परत उतरला, हे वहीतच कळेल. हरलेल्या मुलाचं नाव जिंकलेल्याएवढ्याच अक्षरात लिहा. हे काम मोठ्यांनी करू नका, मुलांकडे द्या, आठवड्याला एकाकडे. जुहूत दारासिंगांचं घर होतं, कुस्तीची कौतुकं इथे घरोघरी सांगितली जातात. तशा आठवणी या मुलांच्याही हव्यात, पण तारखेसकट.

आणि घरात जुने अंक असतील, 'स्पोर्टस्टार' असो की 'द रिंग', तर रद्दीत घालू नका. किलोमागे मिळतात ते काही रुपये. जिममध्ये वहीच्या शेजारी ठेवून या. देण्याआधी गंजलेल्या पिना तेवढ्या काढा आणि मधे सुई-दोऱ्याचे दोन टाके घाला. मुलं सरावाच्या मधल्या वेळात, हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतानाच पानं उलटतात.