प्राणिकथेचे वय आणि प्रस्तावपत्राची भाषा

मराठी साहित्यव्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती सहसा नसते. हस्तलिखित थेट प्रकाशकाच्या हाती जाते आणि होकार-नकाराचा निर्णयही तेथेच होतो. इंग्लंड-अमेरिकेतील व्यवस्था वेगळी आहे. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करण्याचा व्यवसाय रूढ केला. ‘द जंगल बुक’चे (1894) कर्ते किपलिंग हे त्यांच्या लेखकांपैकी एक. लिटररी एजंट ही संस्था तेव्हापासून इतकी दृढ झाली की, तेथील बहुतेक मोठे प्रकाशक आज एजंटच्या द्वारे न आलेले हस्तलिखित पाहत नाहीत. साहजिकच नव्या लेखकाचा पहिला वाचक एजंट असतो आणि हा वाचक प्रथम जे वाचतो ती कादंबरी नसते, ते एका पानाचे प्रस्तावपत्र असते.

या पत्राचे संकेत ठरलेले आहेत. कथानकाचा गोषवारा, शब्दसंख्या, वाचकाचा वयोगट आणि अलीकडच्या एकदोन पुस्तकांशी असलेले साम्य यांचा निर्देश त्यात अपेक्षित असतो. सोबत सुरुवातीची काही पाने किंवा प्रकरणे जोडली जातात. वरवर पाहता हा केवळ व्यापारी शिष्टाचार वाटतो. वस्तुतः ती समीक्षेचीच एक कृती आहे. आपली कृती कोणत्या वाङ्मयप्रकारात मोडते आणि तिचा वाचक कोण, याचे उत्तर लेखकाला कृती प्रकाशित होण्यापूर्वीच द्यावे लागते. मुलांसाठी लिहिलेल्या प्राण्यांच्या साहसकादंबरीच्या बाबतीत या कृतीची मर्यादा विशेष स्पष्टपणे दिसते; कारण या प्रकाराला जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, त्याचेच उत्तर देणे त्याच्या स्वभावात नाही. तो प्रश्न वयाचा आहे.

रिचर्ड ॲडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सरकारी नोकरीत असलेल्या ॲडम्स यांनी मोटारीच्या प्रवासात आपल्या दोन मुलींना सशांची एक गोष्ट सांगितली आणि मुलींच्या आग्रहावरून ती लिहून काढली. एजंटांनी आणि प्रकाशकांनी ती एकामागून एक नाकारली. ॲडम्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे नकाराचे कारण बहुधा एकच असे. सशांची गोष्ट म्हणून मोठी मुले ती बालिश समजतील आणि प्रौढ शैलीमुळे लहान मुलांना ती पेलणार नाही. अखेर रेक्स कॉलिंग्ज या अगदी छोट्या प्रकाशकाने 1972 साली ती छापली. तिला कार्नेगी पदक आणि गार्डियन पारितोषिक ही बालसाहित्याची दोन्ही मानाची पारितोषिके मिळाली. अमेरिकेत मात्र 1974 साली तीच कादंबरी प्रौढ वाचकांनी उचलून धरली. सुमारे दीड लाख शब्दांची ही कृती आजच्या आठ ते बारा वर्षांच्या वयोगटाच्या चौकटीत शब्दसंख्येच्या पहिल्याच निकषावर अडली असती.

हे उदाहरण एकटे नाही. केनेथ ग्रॅहॅम यांच्या ‘द विंड इन द विलोज’साठी कर्टिस ब्राउन यांच्यासारखा कसलेला एजंट प्रयत्न करीत होता, तरीही मेथ्यूएनने 1908 साली ती स्वीकारली ती आगाऊ रक्कम न देता, केवळ वाढत्या रॉयल्टीच्या बोलीवर. ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ (1945) ही मुलांची कादंबरी नव्हे. पण अमेरिकेत प्राण्यांच्या गोष्टी खपत नाहीत, असे कारण तिलाही एका प्रकाशकाकडून ऐकावे लागल्याचे ऑर्वेल यांनी नमूद केले आहे. प्राणी दिसला की वाचकाचे वय गृहीत धरावयाचे, ही सवय जुनी आहे.

अशा कथांवरून ‘एजंट आंधळे असतात’ हा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. नाकारल्या गेलेल्या आणि नंतर गाजलेल्या कृतीच आपल्याला माहीत असतात. योग्य कारणाने नाकारल्या गेलेल्या असंख्य हस्तलिखितांचा इतिहास कोणी लिहीत नाही. शिवाय एजंटचा वयाविषयीचा प्रश्न निरर्थकही नाही. पुस्तक दुकानाच्या कोणत्या फडताळात राहील आणि ग्रंथपाल ते कोणाच्या हाती देईल, हे त्यावर ठरते. आक्षेप प्रश्नाला नाही. त्या प्रश्नाला कृतीच्या स्वरूपाचे लक्षण मानण्याला आहे.

प्राणिकथेच्या परंपरेत वय हे लक्षण कधीच नव्हते. ‘पंचतंत्रा’चे श्रोते राजपुत्र आहेत, पण त्यातील विषय राज्यकर्त्याला लागणाऱ्या नीतीचा आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त हत्ती आणि जात्यंध येतात ते मुलांच्या रंजनासाठी नव्हेत, तत्त्वाच्या निरूपणासाठी येतात. श्रोत्याचे वय बदलले तरी कथा तीच राहते. तिच्यातून उचलला जाणारा अर्थ तेवढा बदलतो.

मग प्रस्तावपत्रात कृतीची ओळख कशावरून पटवावी? प्राणिकादंबरीचे खरे लक्षण आहे ते तिच्यातील प्राणीपण आणि माणूसपण यांचे प्रमाण. ‘वॉटरशिप डाउन’मधील ससे बोलतात, त्यांना स्वतःच्या पुराणकथा आहेत; परंतु शरीराने ते सशाला अशक्य असे काही करीत नाहीत. त्यासाठी ॲडम्स यांनी आर. एम. लॉकली यांच्या सशांवरील अभ्यासाचा आधार घेतला होता. याउलट ग्रॅहॅम यांचा बेडूक मोटार पळवतो आणि धोबिणीच्या वेषात तुरुंगातून निसटतो. ‘द टाइम्स’च्या परीक्षणकर्त्याने ग्रॅहॅम यांची कृती निसर्गविज्ञानाच्या निकषावर तोलली आणि ती उणी ठरवली, तेव्हा चूक अभिरुचीची नव्हती, कृतीने केलेला करार ओळखण्यात ती झाली होती. पहिल्या करारात साहस भूक, शत्रू आणि भूप्रदेश यांतून निर्माण होते, तर दुसऱ्यात ते स्वभावातून आणि सामाजिक विनोदातून. हे प्रमाण दोन वाक्यांत स्पष्ट करणारे पत्र एजंटला वयोगटाच्या आकड्याहून अधिक काही सांगते. शैली कशी असेल, हिंसा कितपत येईल, शेवट कोणत्या प्रकारचा संभवतो, याचा अंदाज त्यातून बांधता येतो आणि वयोगटाचे अनुमानही त्यावरून करता येते. उलट दिशेने जाता येत नाही.

उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न व्यवहारात मात्र झालेला आहे. ‘वॉरियर्स’ ही रानमांजरांच्या टोळ्यांची मालिका 2003 साली सुरू झाली. तिची कल्पना प्रकाशनसंस्थेच्या मागणीतून निघाली आणि एरिन हंटर या एका नावाखाली अनेक लेखिकांनी ती लिहिली. मुलांनी ती आवडीने वाचली, हे मान्य केले पाहिजे. पण येथे प्रस्ताव आधी आहे आणि कृती नंतर. ही पद्धत एकमेव झाली, तर मोटारीत मुलींना सांगितलेली, वयाचा विचार न करता वाढत गेलेली गोष्ट लिहिण्याचे धाडसच लेखक करणार नाही. गमावले जाणार आहे ते हेच.

मराठीत एजंट नाही म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षाची ही छोटी कादंबरी प्रौढ साहित्यात गणली गेली आणि तेथेच राहिली. ती चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी काय, हा प्रश्न बालसाहित्याच्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. बालसाहित्याच्या अभ्यासक्रमात प्राणी येतो तो बहुधा बोधकथेपुरता. मध्यस्थाचे नाव एजंट नसले, तरी प्रकाशक, ग्रंथपाल, शिक्षक आणि अभ्यासमंडळे मिळून तीच निवड करीत असतात, तीही कोणत्याही लेखी पत्रावाचून. प्रस्तावपत्रात निदान निकष उघड लिहिलेले असतात आणि म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो.

मराठी कृती इंग्रजीत जाण्याचे प्रयत्न वाढत आहेत आणि त्यासाठी अशी पत्रे मराठी लेखकांना व अनुवादकांनाही लिहावी लागणार आहेत. त्यांनी ‘सत्तांतर’सारख्या कृतीची ओळख वयोगटाच्या आकड्याने करून द्यावी की तिच्यातील वानर किती वानर आहे या निर्देशाने, याचे उत्तर देण्याची तयारी साहित्याच्या अभ्यासकाने केली पाहिजे. ते काम विपणनावर सोपवले, तर वाङ्मयप्रकाराची व्याख्याही विपणनच करील.