जड शब्दांचा बाजार

दिवाळी आली की आमच्या झाडीपट्टीत दोन गोष्टी ठरलेल्या. भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटकाचा पडदा वर जातो. अलीकडे त्यांत तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. हलक्या धानाचा पहिला पैसा घरात येतो न येतो, तोच शिकवणीवाल्यांचे फलक झळकू लागतात: ‘महिनाभरात हजार ॲडव्हान्स्ड इंग्रजी शब्द!’ आणि आईबाप ते पैसे मुकाट्याने मोजून देतात.

फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकाला कडू घास द्यावा, हे बरे नव्हे. पण हा बाजार उठला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते निवांत ऐकून घेण्याची सवड आपल्याला दिवाळीखेरीज असते कधी?

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेली नाही. सावलीला एका लहानशा शाळेत शिकविते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. इंग्रजीची पंडिता मी नव्हे. मात्र या खटल्यात मी साक्षीदार आहे, आणि आरोपीही.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मीच शंभर जड इंग्रजी शब्दांचा तक्ता तयार केला. आठवीतल्या एका मुलीने तो व्यासपीठावर घडाघडा म्हणून दाखविला. ‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे उदार, ‘सर्कम्लोक्यूशन’ म्हणजे आडवळणाचे बोलणे. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी खिशातून बक्षीस काढून दिले. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले.

पुढे काही दिवसांनी ती मुलगी संध्याकाळी घरी आली. तिचे वडील शहरातल्या इस्पितळातून नुकतेच परतले होते. हातात इंग्रजी कागद होता. “बाई, बाबाले हे गोळी जेवाच्या आंदी द्याची का जेवल्यावर?” कागदावर लिहिले होते, ‘ऑन ॲन एम्प्टी स्टमक’. ‘एम्प्टी’ म्हणजे रिकामे, हे तिला ठाऊक नव्हते. ‘स्टमक’ म्हणजे पोट, हेही नव्हते. पाच दिवस ती गोळी जेवणानंतर दिली जात होती.

अनर्थ काही झाला नाही, हे त्या कुटुंबाचे दैव. पण सर्वव्यापीला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगून टाळ्या घेणाऱ्या मुलीला आपल्या बापाचे रिकामे पोट वाचता येऊ नये, याची लाज कोणी बाळगावी? तिने नव्हे. मी.

आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची जुनी रूढी आहे. आम्ही वाघांच्या मुलखात राहणारी माणसे. धानाच्या बांधावर पंजाचे ठसे पाहतो. वाघिणीचे दूध ही काय चीज असेल, याची कल्पना आम्हांला इतरांपेक्षा थोडी अधिक आहे! मी मुलांना दूध पाजले नाही; दुधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून दाखविल्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाच्या गाठीला दहा वर्षांचे इंग्रजी असते. एवढ्या वर्षांत साधे शब्द अंगवळणी पडत नसतील, तर त्यांच्या डोक्यावर हजार अवघड शब्दांचे पोते चढवून काय साधणार? पाया ओला असताना माडी चढविण्याचा हा प्रकार आहे.

शब्द माणसाला येतो कसा, हे पाहायला दूर जायला नको. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत दिवसभर शेतात राबणारा गडी रात्री राजा होऊन उभा राहतो आणि घरी कधी न वापरलेले भारदस्त शब्द खणखणीत आवाजात बोलतो. ते त्याला कसे येतात? कारण प्रत्येक शब्दामागे प्रसंग असतो, समोर कोणी तरी ऐकणारा असतो, राग असतो, माया असते. त्याच गड्याला ते शब्द अकारविल्हे लावून पाठ करायला सांगा. दोन रात्रींत तो पळून जाईल.

मोल्सवर्थसाहेबाचेच उदाहरण घ्या. परक्या देशातून आलेल्या या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापला गेला. आजही मराठी लेखकाचे त्यावाचून अडते. त्या कोशात शब्द एकटा येत नाही. त्याच्यासोबत त्याचे प्रयोग आणि म्हणी येतात. साहेबाने आपली भाषा अशी जिवंत उचलली. आपण मात्र त्याची भाषा मेलेली उचलतो आहोत.

आता जडपणाचे म्हणाल, तर २०१७ साली खासदार शशी थरूर यांनी ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभर लोक शब्दकोश चाळू लागले. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थ काय? गुरांना घालायचा मिसळीचा चारा! आमच्या गोठ्यातले कुटार इंग्रजीत गेले की व्यासपीठावर बसते, याचीच गंमत वाटते. थरूर यांना तो शब्द शोभतो, कारण त्यामागे आयुष्यभराचे वाचन आहे. वाचनावाचून तो शब्द म्हणजे उसन्या आणलेल्या कोटासारखा. बाह्या लोंबतात आणि सगळे पाहतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला परीक्षेचा. नोकरीच्या परीक्षांत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारतात, हे खरे. पण तिथेच उतारे असतात आणि वाक्यांतल्या चुकाही शोधायच्या असतात. नुसती यादी तिथे कुठवर पुरणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘बाई, शहरातल्या मुलांनी मोठे इंग्रजी शिकायचे आणि आमच्या मुलांनी गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या काय?’ मुळीच नाही! १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन आमच्या सावलीत भरले होते आणि महात्मा गांधी त्यासाठी इथे आले होते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरला करू न दिलेले जातिनिर्मूलनावरचे भाषण इंग्रजीत छापून काढले. दोघांचे मतभेद जगजाहीर आहेत. पण गांधीजींनी आपल्या ‘हिंद स्वराज्य’चे गुजरातीवरून स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर उघडा, नाही तर बाबासाहेबांचे ते भाषण उघडा, शब्द मिरविण्यासाठी कुठेही आलेला नाही. तो काम करायला आलेला आहे. असे इंग्रजी आमच्या मुलांना मिळावे, त्यापेक्षा कमी मला चालणार नाही.

आणि ते मिळण्याची वाट मराठीतूनच जाते. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे गोत, हे ज्या मुलाला कळले, त्याला इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट आणि पोर्टर ही ‘वाहून नेणे’ या एका लॅटिन क्रियेची भावंडे आहेत, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ सालीच मांडले होते. दंत आणि डेंटिस्ट, मातृ आणि मॅटर्नल ही जवळची नाती आहेत. आपले मुंगूस तर इंग्रजांनी उचलून थेट आपल्या कोशात नेऊन बसविले. मराठी शब्दाची चव न घेतलेल्या मुलाला हे नाते दिसणार कसे?

मी तो तक्ता भिंतीवरून काढला आहे. त्या खिळ्याला आता खताच्या पोत्यावरचा मजकूर, बियाण्याचे पाकीट, औषधाची माहितीपत्रके टांगलेली असतात. मुले ती वाचतात, अडलेला शब्द कोशात पाहतात आणि वहीत त्या शब्दाचे स्वतःच्या घरातले एक वाक्य लिहितात. शेजारी सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तके ठेवली आहेत. वर्षाला हजार शब्द होणार नाहीत. दोनशे झाले तरी ते त्यांचे असतील.

वाचकहो, या दिवाळीत पाहुण्यांपुढे मुलाला उभे करून इंग्रजी शब्द म्हणायला लावू नका. त्याला एक पुस्तक द्या आणि कुठे अडले ते विचारा. आमच्या त्या मुलीच्या वहीत पहिला शब्द ‘एम्प्टी’ आहे. वाक्य तिने स्वतः लिहिले आहे: धान विकले गेले, कोठी रिकामी झाली. ते इंग्रजीत लिहिताना तिची एक चूक झाली होती. मी ती सुधारली; टाळ्या कोणी वाजविल्या नाहीत.